अश्वांस प्रवेश नाही

राजुऱ्याच्या रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या गावी घोडदौडीचं ऐतिहासिक मैदान आहे. इंग्रजांच्या काळी गोरे साहेब हिवाळ्यात तिथे घोडे पळवत. साहेब गेले, घोडे गेले, मैदान उरलं. मग त्यावर मोहफुलं वाळू लागली, दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत दंडारीची नाटकं रंगू लागली आणि रोज पहाटे रंजीता पोलीस भरतीसाठी धावू लागली.

तिथे बाजारसंकुल होणार अशी बातमी आली, तेव्हा ‘मैदान बचाव समिती’ निघाली. अध्यक्ष अर्थातच दिनेशभाऊ, कारण संकुलाचं कंत्राट दुसऱ्याला मिळालं होतं. निवेदनावर साऱ्या गावाने सह्या केल्या. रंजीताने तर कौतुकाने ठळक सही केली. मैदान वाचलं, फटाके फुटले.

दुसऱ्या पहाटे फाटकावर रंजीताला पोचू नावाचा चौकीदार आडवा आला. "अंदर नको जाऊ. इथी आता फक्त घोड्यानं पळाचं."

"काऊन? महिन्यावर भरती आली माही!"

"मैदानाचा मूळ वापर कायम ठेवा, असं निवेदनात लिवलं व्हतं. तुही बी सही हाय त्याच्यावर."

रंजीता दिनेशभाऊंकडे गेली. त्यांनी तिचं म्हणणं सहानुभूतीने, म्हणजे मोबाईल पाहत, ऐकून घेतलं. "पोरी, तुह्यासाठी इतिहास बदलू का? घोडा आन, मंग पळ."

गावात घोडं एकच, इनायतचाचांची वरातीतली घोडी. "ले जा बेटा," चाचा म्हणाले, "लग्नं सरले, बसल्या बसल्या फुगून राह्यली." मग पुढे घोडी आणि मागे दोरी धरून रंजीता. घोड्यामागे माणसाने पळू नये असा नियम पोचूला काही सापडला नाही. रंजीताची वेळ सुधारली, घोडीचं पोट उतरलं.

समितीने तातडीची बैठक घेतली. घोडीच्या टापांनी घोडदौडीचं मैदान उखडत असल्याचं एकमताने आढळलं आणि फाटकावर पाटी लागली: ‘ऐतिहासिक अश्वशर्यत मैदान. अश्वांस प्रवेश नाही.’ नियम पाळला जातो की नाही हे बघायला सदस्य आता रोज पहाटे नवे बूट घालून मैदानाला फेऱ्या मारतात. याला पाहणी म्हणतात. पाहणीनंतर तर्री-पोहे असतात.

रंजीता हमरस्त्यावर धावू लागली. कोळशाचे ट्रक कानाजवळून जात. एका ट्रकचा आरसा तिच्या खांद्यावर बसला. भरती चार दिवसांवर आणि गोळा फेकायचा हात गळ्यात. पोरीचं वर्ष बुडालं, आणि याला कोणीही जबाबदार नव्हतं.

गाव मात्र हळहळलं. दिनेशभाऊंनी ताबडतोब ‘रस्ता सुरक्षा निवेदन’ काढलं. चौकात टेबल लागलं, रांग लागली. रंजीताचा नंबर आला, तेव्हा तिने कागद उचलला आणि पहिल्यांदाच खालपर्यंत वाचला. शेवटची मागणी होती, रस्त्यावर धावणाऱ्यांना बंदी घालावी.

"मी नाई करत सही," ती म्हणाली.

"सरक मंग बाजूले!" मागून आवाज आला. "चांगल्या कामाले काय वाचाचं असते?"

ती सरकली. रांग पुढे झाली. त्या रांगेत तुम्हीही होतात, पेन उघडून.