नानांचा खांब आडवा झाला

लीलाधर नानांनी सकाळी नऊ वाजता गच्चीवरचा खांब आडवा केला आणि साडेनऊच्या आत निम्म्या गावाचे वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे-पापड घरात गेले.

खांब म्हणजे नानांच्या हौशी रेडिओच्या अँटेनाचा. तीस फुटी लोखंडी पाइप, बुडाशी बिजागरी, चहूकडून तारांचे ताण. दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले तेव्हा नाना हा नाद सोबत घेऊनच गावी आले. धुळ्याच्या योगराजशी त्यांच्या रेडिओवर रोज गप्पा. मे महिन्यातलं वादळ बहुतेक आधी धुळ्याला येतं आणि तास-दोन तासांनी इकडे. योगराजने इशारा दिला की नाना गडगडीचा दोर सोडून खांब निजवत. गावातले पत्रे उडाले, केळीच्या बागा झोपल्या, पण खांबाला बारा वर्षांत खरचटलं नव्हतं. वाऱ्यापुढे छाती काढायची नाही, एवढंच त्यातलं गुपित. गावाने मात्र आपला नियम करून ठेवला होता: नानांचा खांब निजला की घरात पळा.

त्या दिवशी वादळबिदळ काही नव्हतं. खांबाच्या टोकाला नानांच्या बायकोने, सुगंधाबाईंनी, आपल्या जुन्या पातळाचा हिरवा काठ बांधून घेतला होता. "तुमच्या डबड्यात कोण काय बोलतं ते मले कळत नाही. माझ्या बिबड्यांवर वारा कुठून येतो ते दिसलं पायजे," असं त्या म्हणायच्या. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते आणि काठाच्या चिंध्या झाल्या होत्या. नानांनी पेटीतून त्यांचं दुसरं पातळ काढलं, काठ फाडला आणि तो बांधायला खांब उतरवला. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून भिकुबाई अक्का ओरडल्या.

"लीलाधर भाऊ! काबरं आडवा केला? वावधन येऊ राह्यलं का?"

नानांनी काठ झटकन सदऱ्यात कोंबला. सत्तराव्या वर्षी आपण बायकोच्या पातळाचा काठ आभाळात चढवतोय, हे अक्कांना सांगणं म्हणजे गावात दवंडी देणं. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हां... जरासं."

ते 'जरासं' मारुतीच्या पारापर्यंत 'लई' झालं आणि प्रेमराज आबांच्या दारी पोचलं तेव्हा 'कधी नाही असं' होतं. आबांच्या लेकीची, हेमांगीची, संध्याकाळी हळद, उद्या लग्न. सहाशे माणसांचा मांडव. अमळनेरचा मांडववाला हिलाल शिडीवर चढून शेवटची झालर लावत होता. आबांनी त्याला पायाला धरून खाली ओढलं. "सोड बठ्ठा मांडव!"

दहाच मिनिटांत आबा, हिलाल, अक्का आणि त्यांच्यामागे गल्ली, असे सगळे नानांच्या गच्चीवर.

"नाना, वऱ्हाड आता कुठी बसवू? गोठ्यात? खरं सांगा, किती वाजता येईन?"

"आबा, तसं काही नक्की नाही."

"पाहा!" आबा मागे वळून म्हणाले. "आपण घाबरू नाही म्हणून माणूस सांगत नाही!"

"कापड त सोडी टाकं, नाना," हिलाल म्हणाला. "आते बल्ल्या बी काढू का?"

नानांनी खाली पाहिलं. मांडवाच्या बल्ल्या उघड्या उभ्या होत्या. दारात हेमांगी वर तोंड करून नानांकडेच बघत होती. लहानपणी ही पोरगी सुगंधाबाईंच्या पातेल्यातून बिबड्याचं पीठ चोरून खायची. नानांनी सदऱ्यातून काठ बाहेर काढला.

"वादळ नाही. खोटं बोललो मी. हे बांधायचं होतं."

अक्कांनी काठ हातात घेतला. "हा तं सुगंधाच्या पातळाचा."

आबांनी कपाळाला हात लावला. "वहिनीच्या काठासाठी माझा मांडव उघडा पाडला होय! ती होती तव्हा एक गजरा आणला नसीन तुम्ही!"

मग जो हशा झाला, त्यात नानांनाही हसावं लागलं. सगळ्यांनी मिळून काठ बांधला आणि खांब उभा केला. हिलाल पुटपुटत मांडव बांधायला गेला.

चार वाजता नाना रेडिओपाशी बसले. पलीकडे योगराज ओरडत होता, "नाना, इकडे पत्रे उडताय! खांब घ्या खाली!" आणि आवाज बंद.

नाना कठड्याशी धावले. "आबा! वादळ येतंय! मांडव सोडा!"

"आता काय राह्यलं, नाना?" आबा खालून म्हणाले. "अख्खं पातळ बांधता का?"

सगळी गल्ली हसली. नानांनी दोराला हात घातला. पण खांब निजवला तरी लोक हसणारच, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी वर पाहिलं. दिवसभर गळाठून पडलेला काठ आता पूर्वेकडे काठीसारखा ताठ झाला होता. त्यांनी दोर न सोडताच हात काढून घेतला.

"अक्का! माझं ऐकू नका. वर पाहा!"

अक्कांनी वर पाहिलं. "भाऊ खोटं बोलतीन," त्या म्हणाल्या. "सुगंधा नाही." आणि त्यांनी अशी आरोळी ठोकली की हिलाल शिडीवरून पायऱ्या न मोजता खाली आला.

"बांधा का सोडा, एक डाव ठरावा ना!" तो करवादला.

तरी कापड सुटलं, बल्ल्या निघाल्या. शेवटचं गाठोडं शाळेच्या खोलीत पडलं आणि वादळ आलं. नाना त्या गाठोड्यावर बसून होते. खांब उभाच राहिला होता.

हेमांगीची हळद शाळेत झाली. सकाळी मांडव तिसऱ्यांदा उभा राहिला आणि वरणबट्टीच्या पंगती वेळेवर बसल्या. खांब मात्र मधोमध वाकून अक्कांच्या गच्चीवर ओणवा झाला होता. दोन ताण तुटले होते. काठ जिथल्या तिथे होता.

योगराजचा फोन आला. "बारा वर्षांत पहिल्यांदा! उतरवला का नाही?"

"तो कामावर होता," नाना म्हणाले.

चार दिवसांनी खांब सरळ करायला उतरवणं भाग होतं. या वेळी नाना सकाळपासून दारोदार फिरले. "वादळ नाही. खांब दुरुस्त करतोय. वादळ नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. नाना गच्चीवर आले आणि त्यांनी दोर हातात घेतला.

"थांबा, भाऊ." पलीकडे अक्का बिबडे घालत होत्या. त्यांनी ओला हात पदराला पुसला आणि मान वर करून डोक्यावर लोंबणाऱ्या काठाकडे पाहिलं.

"आधी सुगंधाले इचारू द्या."