मागे पोचलं का?

दामूकाका कुठल्याही सभेत गप्प बसत नाहीत. वक्त्याचं वाक्य संपलं की ते उठतात, मागच्या रांगांकडे तोंड करतात आणि तेच सोप्या मराठीत खणखणीत सांगतात. वर विचारतात, "मागे पोचलं का?" मागून "पोचलं!" आल्याशिवाय वक्त्याला पुढे जाता येत नाही.

ही खोड मोहने गावातल्या कारखान्याच्या गेटवरची. माझे वडील आणि ते तिथले सोबती. गेटसभेला लाउडस्पीकर नसायचा. युनियनचा पुढारी बोलायचा आणि मधल्या रांगेतले काका ते मागे पोचवायचे. घरी मी जमिनीवर बसून पत्रकांच्या घड्या घालायचे, बोटं शाईने काळी व्हायची. काका टपली मारून म्हणायचे, "पोरी, कळत नाही ते पत्रक म्हणजे पुडी बांधायचा कागद." आज मी जे काही लिहिते, ते त्या टपलीच्या धाकाने.

गेट बंद झालं. काकांचा घसा काही बंद झाला नाही. लग्नात ते विधी लावणाऱ्या भंतेजींच्या मागोमाग सगळं समजावून सांगायचे आणि शेवटी नवरदेवालाच विचारायचे, "पोचलं का?"

दोन वर्षांपूर्वी कल्याणजवळच्या एका कॅन्सर केंद्राने आठवडाभर व्याख्यानं ठेवलेली. नव्या वॉर्डसाठी देणग्या जमवायच्या होत्या. त्याचं पत्रक मी लिहिलेलं. शेवंताकाकू याच आजाराने गेलेल्या, म्हणून काकांना जरा बिचकतच बोलावलं.

पुढे पांढऱ्या कव्हरांच्या खुर्च्यांवर देणगीदार, मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पेशंट आणि त्यांची माणसं. व्याख्यानं इंग्रजीत. माझं डोकं तिथेच तापलं. काका तापले नाहीत, उठले.

"बायोप्सी म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासायचा. घाबरायचं नाही. मागे पोचलं का?"

"पोचलं!"

डॉक्टर हसले. संयोजक मॅडम हसल्या नाहीत. काकांनी तेवढ्यात देणगीचंही उरकून घेतलं, "पुढच्यांनी हात मोकळा सोडा, मागच्यांनी तोंड!"

शुक्रवारी मॅडमनी मला गाठलं. "ते तुमचे काका ना? उद्या मोठे देणगीदार येतायत. काका उठले तर मी त्यांना बाहेर बसवणार."

"ज्यांच्या नावाने पैसे मागताय, त्यांना कळायला नको?"

"मला वॉर्ड उभा करायचाय हो," मॅडम थकून म्हणाल्या. "सभा नाही जिंकायची."

काकांना सांगितलं. "अगं, गेटवर पोलीस असायचे," ते म्हणाले. "ही बाई किस झाड की पत्ती!"

शनिवारी शेवटचं व्याख्यान. मॅडम दाराशी उभ्या. व्याख्यान देणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "पॅलिएटिव्ह केअर." काका उठले, मागे वळले, तोंड उघडलं. आवाज नाही.

"काका, काय म्हणाल्या त्या?" मागून एका बाईने विचारलं.

काका हळूच खाली बसले. मी वाकले.

"हाच शब्द," ते पुटपुटले. "तुझ्या काकूच्या वेळी डॉक्टर हाच बोललेले. विचारायची लाज वाटली गं. नुसती मान हलवली. शेवंता बाहेर बाकावर बसलेली. काय म्हणाले, विचारलं तिने. मी म्हटलं, नवीन औषध आहे, बरी होशील. तिला एकदा टिटवाळ्याला माहेरी जायचं होतं. बरी झाल्यावर जाते म्हणत राहिली."

मागची माणसं थांबली होती. मी उठले. काकांसारखं मागच्या रांगांकडे तोंड केलं.

"आजार बरा होणार नसला, तरी दुखणं कमी करायचे उपचार," मी म्हटलं. "म्हणजे माणसाला जिथे जायचंय तिथे जाता येईल. ज्याला भेटायचंय त्याला भेटता येईल."

मला बाहेर काढायला मॅडम दारातून हलल्या नाहीत.

"मागे पोचलं का?" मी विचारलं.

मागून "पोचलं" आलं, बारीक आवाजात. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही. शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"मला परत सांग," ते म्हणाले. "सावकाश."