सायलेन्सर फुंकणारे तात्या

कलिंगड घेताना लोक टिचकी मारून बघतात, नारळ कानाशी धरून हलवून बघतात. पण स्कूटरचा सायलेन्सर शंखासारखा तोंडाला लावून, फुंकून बघणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. आमचे बनसोडे तात्या.

खोटं वाटत असेल तर सात रस्ता चौकातल्या स्पेअरपार्टवाल्यांना विचारा. तात्या लांबून दिसले की ते एकमेकांना डोळे मारतात. तात्यांना त्याचं काही नाही. काउंटरशी येणार, खिशातला धुतलेला रुमाल काढणार, नळीचं तोंड पुसणार आणि डोळे मिटून भूंऽऽ करून फुंकणार. बाकीची गिऱ्हाइकं आपलं काम विसरून बघत उभी. मग निकाल लागणार. "ह्यो खोकतोय." "ह्याला सर्दी हाय." "ह्यो तर रडकाच हाय, ठेवा तिकडं." दुकानदार काकुळतीला येऊन सांगतो, अहो तात्या, ओरिजनल आहे, खोक्यावर छाप बघा की! त्यावर तात्यांचं उत्तर ठरलेलं, "माल बोलतो. खोकं बोलत न्हाय." मग तोंडाभोवती गंजाचं तांबडं कडं घेऊन साहेब घरी. गल्लीतली पोरं हसतात, आणि खरं सांगायचं तर मीही पदर तोंडाला लावते.

बरं, माणूस मेकॅनिक असता तर समजू शकलं असतं. तात्यांची हयात गेली पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कारकुनी करण्यात. प्लग काढायचा म्हणलं तरी युसूफभाईच्या गॅरेजला हाक जाते. स्कूटरमधलं त्यांना दोनच गोष्टी कळतात, पुसायची कशी आणि वाजते कशी. गाडी तरी काय म्हणावी! राखाडी रंग, मुठीत गिअर, मागं स्टेपनी, पुढची सीट वेगळी, मागची वेगळी. सकाळी तिला एका अंगावर कलती करून पेट्रोल पाजायचं, मग किक, मग आणखी किक. गाडीच्या आधी तात्यांनाच धाप लागते.

मी घरात शाळेचे युनिफॉर्म शिवते. खिडकीशीच मशीन, त्यामुळे हा तमाशा मला रोज फुकटात बघायला मिळतो. एकदा मला राहवलं नाही. मी म्हणलं, "तात्या, ह्या म्हातारीला आता भंगारात द्या आणि बॅटरीवरची घ्या की. आवाज न्हाई, कटकट न्हाई."

"आवाजच न्हाय?" तात्या म्हणाले. "मग मी घरी आलो हे हिला कळायचं कसं, शकूताई?"

मी मशीनचं चाक उगाच फिरवत राहिले.

ही म्हणजे सुशीलावैनी, तात्यांची बायको. घरात दोघंच दोघं. वैनींना विसरायचं दुखणं लागलंय. आधी भाजीतलं मीठ विसरलं, मग दुकानाचा रस्ता, मग माणसं. माझं नाव गेलं, बहिणीचं गेलं. डॉक्टरांनी सांगितलं की हे असंच उतरत जाणार. पण एक गोष्ट तेवढी टिकून होती. दुपारी तात्या भाजी आणायला बाहेर पडायचे आणि चार वाजायच्या सुमाराला त्यांची स्कूटर कोपऱ्यावर वळायची. तो धुडधुडधुड आवाज कानावर आला की वैनी जिथं असतील तिथून उठायच्या. केसावरून हात फिरवायच्या, चहाचं आधण ठेवायच्या आणि तात्या गाडी स्टँडला लावेपर्यंत दारात हजर. "मालक आले." त्या स्कूटरवरून जो उतरेल तो आपला नवरा, एवढं गणित त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. मग रात्रभर तात्या त्यांचे मालक असायचे.

आणि नेमका तो सायलेन्सर सडला. पापडासारखा चुरा झाला हो! युसूफभाईंनी आधी वेल्डिंगचं ठिगळ लावून बघितलं, ते दोन दिवसांत उडालं. मग त्यांनी बाजारातला नवा कोरा बसवून दिला. त्या दिवशी गाडी गल्लीत आली ती टिनाचा डबा बडवल्यासारखी. वैनी जागच्या हलल्या नाहीत. तात्यांनी दार वाजवलं तर आतून आवाज आला, "कोन हाय? घरात मानसं न्हाईत. नंतर या."

"अगं सुशे, मी हाय."

"मी म्हंजी कोन? मालक येऊ द्यात, मग बोला." आणि कडी लागली.

तात्या भाजीची पिशवी मांडीवर घेऊन माझ्या पायरीवर बसले. मेथी सुकत चालली होती. शेवटी मी मागच्या अंगणातून गेले, गोड बोलून कडी काढायला लावली. त्या रात्री तात्यांनी आपल्याच घरात पाहुण्यासारखं दाराजवळ बसून भाकरी-चटणी खाल्ली, आणि वैनी स्वयंपाकघरातून त्यांच्यावर नजर ठेवून होत्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

आता तुम्हाला कळलं असेल, तात्या दुकानादुकानात सायलेन्सर का फुंकत हिंडतात ते. त्यांना गाडीचं काही पडलेलं नव्हतं. वैनींच्या डोक्यातून तो आवाज पुसला जायच्या आत त्यांना तसाच सायलेन्सर मिळवायचा होता.

पण मिळेल तर शपथ. जुन्या गाड्यांचा चांगला माल आता राहिलाय कुठं? वरून रंग झकास, आतली जाळी कागदासारखी. युसूफभाई म्हणायचे, "तात्या, आजकल सब ऐसाच आता. दिखने को दुल्हा, अंदर से खाली." तात्यांनी भंगारवाले पालथे घातले. कुणी सांगितलं मंगळवेढ्याला एकाकडं जुना आहे, तर एसटीने मंगळवेढं गाठलं. येताना तो सायलेन्सर धोतराच्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन आले. एसटीत शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं म्हणे, बाळ किती महिन्यांचं? जळ्ळं मेलं, मला हे ऐकून हसावं का रडावं कळेना.

तो मंगळवेढ्याचा बसवला त्या दिवशी मी काम टाकून खिडकीत उभी राहिले. गाडी वळली. आवाज बराचसा तसाच होता हो! वैनी उठल्या, दारापर्यंत आल्या, कडीवर हात ठेवला. कान देऊन ऐकत राहिल्या. मग त्यांनी हात खाली घेतला आणि आत जाऊन बसल्या. तात्या गाडीवरच बसून होते. मला म्हणाले, "भाऊबंद हाय त्याचा. तो न्हाय."

त्यानंतर एका दुपारी त्यांनी कमालच केली. गाडी युसूफभाईंकडं ठेवली आणि कोपऱ्यापासून तोंडानंच आवाज काढत आले. पांढरा शर्ट, हातात पिशवी, केस पिकलेले, आणि तोंडानं "धुडधुडधुड, धुडधुडधुड". गल्लीतली पोरं मागं लागली, तीपण धुडधुड करायला लागली. मी कात्री उगारून पोरांना पिटाळलं. आतून वैनी ओरडल्या, "कोन येडं आलंय गं दारात?" तात्या हसले. म्हणाले, "शकूताई, येडा म्हनाली तरी. कोन हाय असं न्हाय विचारलं आज." मला मेलीला तिथंच हुंदका फुटला.

दिवस चालले होते आणि वैनी उतरत चालल्या होत्या. चार वाजता कान टवकारून बसायच्या, तेपण मधूनमधून विसरायला लागल्या. तात्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं. मी सांगून बघितलं, "तात्या, जाऊ द्या आता. काही गोष्टी आपल्या हातात नसतात." तात्या माझ्यावर भडकले. ह्या माणसाला मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा भडकलेलं बघितलं. "तुमाला काय जातंय सांगायला? तुमच्या तोंडावर कडी लागली न्हाय कदी!" मग लगेच खाली मान घालून, "माफ करा," म्हणाले.

मग युसूफभाईंनीच बातमी आणली. मैंदर्गीला त्यांच्या साडूच्या ओळखीचं एक दुकान आहे, कधीचं बंद पडलेलं, पण माळ्यावर जुना माल तसाच पडून. दोघं सकाळीच गेले, त्याच स्कूटरवर, हत्यारांची पिशवी मधे ठेवून. मी युनिफॉर्मचा गठ्ठा उचलून वैनींकडं जाऊन बसले. त्यांना बटणं निवडायला दिली. पांढरी एकीकडं, निळी एकीकडं. त्या सगळी एकत्र करायच्या आणि पुन्हा निवडायला घ्यायच्या.

मैंदर्गीला काय झालं ते मला युसूफभाईंनी नंतर सांगितलं. दुकानवाला म्हातारा कन्नड बोलणारा. त्यानं माळ्यावरून ग्रीस लावून कागदात गुंडाळलेला सायलेन्सर काढून दिला. तात्यांनी रुमालानं पुसला आणि लावला तोंडाला. म्हातारा घाबरून मागं सरकला, "येन माडतीरी? येन माडतीरी?" काय करताय, काय करताय, म्हणून विचारत राहिला. तात्यांनी एकदाच फुंकलं. पुन्हा फुंकलं नाही. सायलेन्सर पोटाशी धरून ते दुकानाच्या पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. म्हाताऱ्याला वाटलं, माल पसंत पडला नाही. तो दुसरा शोधायला निघाला होता, युसूफभाईंनी त्याला हाताला धरून थांबवलं. तिथंच बसून त्यांनी तो चढवला, आणि नट आवळायला तात्यांनी मदत केली, जन्मात पहिल्यांदा.

इकडं चार वाजून गेले होते. मी चहा टाकावा की थांबावं अशा विचारात होते. तेवढ्यात कोपऱ्यावर आवाज आला. धुडधुडधुड. मला काय कळतंय गाडीतलं, पण माझ्यासुद्धा अंगावर काटा आला. अगदी तोच हो, तोच.

वैनींच्या हातातली बटणं सांडली. "मालक आले की!" त्या उठल्या. केसावरून हात फिरवला, पदर सारखा केला, आधण ठेवलं. काडी ओढून गॅस त्यांनीच पेटवला. मग धावत जाऊन कडी काढली आणि दार सताड उघडलं. मी मनातल्या मनात हात जोडले.

युसूफभाईंना गॅरेजवर उतरवून आलेले तात्या गाडी स्टँडला लावून पायरी चढत होते. शर्टावर ग्रीसचे डाग, हात काळे, चेहरा नुसता फुललेला. वैनींनी त्यांच्याकडं बघितलं. मग त्यांच्या खांद्यावरून गाडीकडं बघितलं. रिकाम्या सीटकडं बघितलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं.

"मालक कुटं हायत?" त्यांनी तात्यांना विचारलं.

आवाज राहिला होता. तात्यांचा चेहरा मधल्या दिवसांत गेला होता.

मी पुढं होऊन काहीतरी बोलणार होते, तर तात्यांनी हातानंच मला थांबवलं. पायरीवर उभे होते तसेच राहिले. हात शर्टाला पुसले. मग म्हणाले, "येतायत मागनं. मी गॅरेजवाला. गाडी सोडायला आलोय."

"असं व्हय! मग भाईर का उभे? या की आत, च्या घ्या." वैनींनी त्यांना बसायला सतरंजी टाकली. कितीतरी दिवसांनी तात्यांना त्यांच्या घरात कुणी या म्हणलं होतं. "गाडी नीट केली न्हवं? आवाज बरोबर आला बगा. मधी कुनी कुनी येत हुतं दुसऱ्याच गाड्या घिऊन. मी घेतलं न्हाय कुनाला."

"बरं केलं," तात्या म्हणाले.

वैनींनी चहा गाळला. कप त्यांच्यापुढं ठेवता ठेवता आवाज हळू केला. "त्यांना सांगू नगा हां. दिसभर हितं मला लई भ्या वाटतं. भिंती वळखू येत न्हाईत. कुनाला सांगावं? पन गाडीचा आवाज आला की जीव भांड्यात पडतो माजा. मालक हायत म्हनून मी हाय. तोंडावर कदी बोलले न्हाय मी त्यांना."

"न्हाय सांगनार, वैनी," तात्या म्हणाले.

त्यांनी काळ्या हातानं कप उचलला. वैनी त्यांच्या शेजारी सतरंजीवर टेकल्या आणि उघड्या दाराकडं वाट बघत बसल्या. तात्याही दाराकडंच बघत बसले.