खरातकाकांना पाव चावला

खरातकाका पापड तोंडात घालण्याआधी कानाशी नेऊन मोडायचे. कडाडला तरच खायचे, नाहीतर ताटाच्या कडेला सारायचे. "आवाज आला पाहिजे!" खाण्याविषयी त्यांचं एवढंच मत होतं. उभा जन्म टेलिफोन ऑपरेटर म्हणून गेलेला, त्यामुळे सगळा भरवसा कानावर.

नव्वदच्या आसपास आम्ही परळहून मीरा रोडला, सिल्व्हर पार्कात राहायला आलो तेव्हा ते समोरच्या घरात राहत होते. ओळख झाली त्याच दिवशी त्यांनी माझ्या हातावर चणे ठेवले आणि मी खाताना डोळे मिटून ऐकत उभे राहिले. "छान भाजलेत," म्हणाले.

पुढे त्यांचे दात हलायला लागले. स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी उरलेसुरले काढून वरखाली कवळी बसवली आणि बजावलं, "थोडे दिवस मऊ खा. लहान घास घ्या, दोन्ही बाजूंनी चावा. पुढच्या दातांनी काही तोडायला जाऊ नका."

काकांनी चावण्याचा रियाजच धरला. सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून केळं घेऊन बसायचे. "डावीकडे... आता उजवीकडे... अगं, तू कशाला मध्ये येतेस? हो बाजूला!"

खालच्या जयाबेन वर बघून विचारायच्या, "खरातभाई, सकाळी सकाळी कोणाला ओरडता?"

"जिभेला! ऐकतच नाही!"

'स' म्हटलं की शिट्टी वाजायची. काकूंचं नाव सुमन. काकांनी हाक मारली की काकू आधी कुकर बघायच्या. पाण्याचा टँकर आला की घरात पहिली भरायची ती कवळीची वाटी, मग पिंप.

काकूंचे दातही कधीचेच गेले होते, पण त्यांनी कवळी करून घेतली नव्हती. बोलताना तोंडाला पदर लावायच्या. लग्नकार्याला गेल्या तरी न जेवता परत यायच्या आणि घरी दुधात भाकरी कुस्करून स्वयंपाकघरात एकट्याच खायच्या.

"तूही करून घे की," काका म्हणायचे.

"नको बाई. चारचौघांत निसटली म्हणजे?"

एका संध्याकाळी मी आणि काका बाजारातून येत होतो. वडापावच्या गाडीवर गरम घाणा निघाला होता. "आता जमतं मला," म्हणत काकांनी वडापाव घेतला आणि डॉक्टरांचं सगळं विसरून समोरून कचकन चावा घेतला. हात खाली आला, तेव्हा वरची कवळी पावात होती.

शेजारी खात उभा असलेला एकजण किंचाळला, "अरे भैया, इनके पाव में दाँत निकला!" आणि स्वतःचा पाव उघडून तपासू लागला. त्याचं बघून दुसऱ्यानेही उघडला. गाडीवाला रडवेला झाला. "मेरा नहीं है, साब!"

काकांनी शांतपणे कवळी पुसली, खिशात ठेवली आणि बोळक्या तोंडाने म्हणाले, "भैया, आज पाव ने मेरे को काटा."

मला वाटलं, घरी हे लपवतील. कसचं! दारातूनच सुरुवात केली. गाडीवाला, गिऱ्हाईक, पाव, सगळ्यांची सोंगं काढून दाखवली. काकू हसता हसता भिंतीला टेकल्या. तोंडावरचा पदर कधी सुटला, त्यांना कळलंही नाही.

डोळे पुसून त्यांनी विचारलं, "मग लोक काय म्हणाले?"

"काय म्हणणार? हसले. मीही हसलो. वडापाव संपवून आलो."

काकूंनी सुटलेला पदर खांद्यावर घेतला. मग म्हणाल्या, "त्या डॉक्टरांकडे सकाळी जायचं की संध्याकाळी?"

त्यानंतर बिल्डिंगची सत्यनारायणाची पूजा आली. गच्चीवर पंगत होती. नवी कवळी लावून काकू पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर बसल्या. काका तोपर्यंत ऊस सोलून खाण्याइतके तयार झाले होते.

पंगत भराभर जेवली. माणसं उठू लागली, पोरं पत्रावळी उचलायला आली. काकूंची पुरी अजून अर्धीही झाली नव्हती. त्या अवघडल्या, पान तसंच ठेवून उठू लागल्या.

"बस गं, माझं कुठे झालंय?" काका म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "थांबा रे पोरांनो! म्हाताऱ्याची कवळी आहे, चावायला वेळ लागतो. मला आणखी एक पुरी वाढा."

ती पुरी त्यांनी बारीक बारीक तुकडे करून इतकी सावकाश खाल्ली, की काकूंचं पान आधी रिकामं झालं.