खंडेनवमीला पूजेत बसलेला कोयता

या, मागे भिंतीला टेकून बसलात ते जरा पुढे सरका. चपला कुठे जात नाहीत. बदलापूरच्या मांजर्लीत घडलेली एक गोष्ट सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा, पण मन जाग्यावर ठेवून हसा.

मांजर्लीत एक गल्ली आहे, ती नदीशी जाऊन संपते. म्हणजे आत जायची आणि बाहेर यायची वाट एकच. गल्लीच्या तोंडाशी विष्णुपंतांचं बैठं घर, अंगणात दत्तगुरूंचा उंबर आणि दाराआड खुंटीला एक फौजी कोयता. उल्हासनगरच्या जागी दुसऱ्या महायुद्धात लष्करी छावणी होती. तिथल्या भंगारातून विष्णुपंतांच्या वडिलांनी तो आणलेला. हातभर पातं, मुठीजवळ इंग्रजी फौजेची बाणाची खूण. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर विष्णुपंतांनी त्याला अंगणाच्या कामाला जुंपलं. पावसाळ्यात कमरेएवढं माजलेलं रान, केळीचे बुंधे, शहाळी, सगळं त्याच्याच हवाली. फक्त उंबराला त्याचं पातं लागू द्यायचं नाही, हा नेम. उंबराची एक जाड फांदी गल्लीवर आली होती. समोरच्या घरातले भगवानराव, कारखान्यातले जुने सोबती, दर महिन्याला म्हणायचे, "विष्णू, ही फांदी एक दिवस कुणाच्या तरी डोक्यात बसणार."

"देवाचं झाड आहे, भगवान. ते कुणाला त्रास देत नाही."

तीन वर्षांपूर्वीच्या नवरात्रात विष्णुपंत अंबरनाथला कीर्तनाला गेले. बुवांनी सांगितलं, बैलाला जसा पोळा तसा हत्याराला खंडेनवमीचा विसावा. पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही. विष्णुपंतांचे डोळे भरून आले. घरी येऊन त्यांनी ठरवलं, आपलाच कोयता का, सगळ्या गल्लीच्या हत्यारांना विसावा मिळू दे.

नवमीच्या सकाळी ते दारोदार हिंडले. कुणी विळी दिली, कुणी सुरी, कुणी कात्री. भगवानरावांनी कुऱ्हाड आणि करवत काढून दिली. "आमच्यात पूजा नाही, तुला माहीत आहे. पण तुझं मन मोडवत नाही. धार तेवढी लावून ठेव."

देवघरापुढे पाट मांडले. मधोमध कोयता, त्याला झेंडूची माळ, भोवती सगळ्या गल्लीची पाती. पूजा झाली. विष्णुपंतांच्या पत्नी वृंदाकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "देवा, आता भाजी काय दातांनी चिरू?"

"एक दिवस अख्खे बटाटे खाऊ, वृंदा."

"आणि कांदा?"

"तो बुक्कीनं फोड."

इथवर सगळं ठीक होतं. पण त्याच दुपारी भगवानरावांच्या आई, सरस्वतीआजी, नागपूरला निघाल्या होत्या. दहा-बारा वर्षांच्या असताना बापाचं बोट धरून त्यांनी दीक्षाभूमीवरचा तो मोठा दिवस पाहिला होता. त्यानंतर जाणं झालंच नाही. आधी घर, मग पोरं, मग गुडघे. आता चाकाची खुर्ची आली होती. "यंदा नाही तर मग नाहीच," आजी म्हणत. कल्याणहून गाडी होती. उल्हासनगरची व्हॅन दारात आली, आजी पांढरी साडी नेसून तयार झाल्या, आणि कडाड् करून उंबराची ती फांदी गल्लीत आडवी झाली. पुरती तुटलीही नाही. अर्धी झाडाला धरून, अर्धी रस्त्यावर. व्हॅन आत, कल्याण बाहेर.

भगवानरावांनी फांदीकडे पाहिलं, मग विष्णुपंतांकडे. बोलले फक्त एवढंच, "माझी करवत दे."

विष्णुपंतांचा चेहरा उतरला. "ती पूजेत आहे."

"मग कुऱ्हाड."

"तीही."

"दुसऱ्या कुणाचं काही?"

"भगवान, सगळ्या गल्लीचं माझ्याकडेच आहे रे."

ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "अंकल, ये पूजा कितने बजे तक है?"

"सुबह तक."

"और ट्रेन?"

भगवानरावांनी घड्याळ पाहिलं. मग गल्लीतल्या चौघांनी आजींना खुर्चीसकट उचलून फांदीवरून पलीकडे न्यायचं ठरवलं. म्हणजे पुढे रिक्षा तरी मिळेल. खुर्ची मध्यावर पोचली आणि उंबराच्या फळांतल्या लाल मुंग्या चौघांच्या हातांवर चढल्या. चौघं जागच्या जागी नाचू लागले. वर आजी खुर्ची घट्ट धरून म्हणाल्या, "अरे, मला नागपूरला न्या, पालखीत कशाला नाचवता!" खुर्ची होती तिथे परत आली.

विष्णुपंत देवघरात जाऊन उभे राहिले. हात जोडलेले. वृंदाकाकू मागून आल्या.

"घरी येईल त्याला हा कोयता दाखवून काय सांगता हो तुम्ही?"

"काय?"

"हे मारायचं हत्यार नव्हे. ब्रह्मदेशाच्या जंगलात फौजेला वाट करून द्यायला घडवलंय. सांगता ना?"

"सांगतो."

"मग ती म्हातारी वाटेत अडकलीय. उत्तरपूजेच्या अक्षता मी टाकू की तुम्ही टाकता?"

विष्णुपंतांनी अक्षता टाकल्या. माळेसकट कोयता उचलला, उंबराला पदर पसरावा तसं उपरणं पसरून क्षमा मागितली, डोळे मिटले आणि घाव घातला. सकाळीच लावलेली धार. पातं असं रुतलं की मूठ हलेना. ओढून पाहिलं, भगवानरावांनी कमरेला धरून ओढलं, ड्रायव्हरनं भगवानरावांना धरून ओढलं. कोयता तिथेच, माळ मात्र ड्रायव्हरच्या गळ्यात.

"झालं याचं काम," भगवानराव म्हणाले. "आता माझी करवत आण."

एकाला सोडलं म्हटल्यावर बाकीच्यांनी काय पाप केलं होतं? करवत आली, कुऱ्हाड आली. बायका आपापल्या विळ्या घेऊन स्वयंपाकाला गेल्या. बघता बघता फांदी सुटली आणि कोयत्यासकट बाजूला लोटली गेली. व्हॅन हलली तेव्हा आजींनी काचेतून हात बाहेर काढून विष्णुपंतांच्या गालाला लावला. "रडतोस कशाला? फांदी गेली, झाड आहे."

दसऱ्याला दुपारी फोन आला. "विष्णू, पोचले रे. इथे बोधिवृक्ष आहे. पिंपळ आणि उंबर, भावंडंच ना? तुझ्या उंबराच्या वतीनं त्याला नमस्कार केला. म्हटलं, माझ्यापायी तुझ्या भावाची फांदी गेली, राग धरू नकोस."

विष्णुपंतांनी फोन तसाच उंबराच्या बुंध्याला लावून धरला.

आजी पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. विष्णुपंतांकडे खंडेनवमी अजून होते, पाट मांडले जातात, गल्लीची हत्यारंही येतात. पण कोयता पाटावर नसतो. त्याला हळदकुंकू लावून, माळ घालून फाटकापाशी उभा करतात, मोकळा, कुणाचीही वाट अडली तर हाताशी यावा म्हणून.

तेव्हा तुमच्या घरी पूजा मांडाल त्या दिवशी एक पातं बाहेर राहू द्या, आणि ते ठेवताना सरस्वतीआजींची आठवण काढा, एवढंच मागणं.