एक्केचाळिसावी मोजणी

दिगंबर सुताराने घरी बनवलेल्या कर्ण्यातून आवाज बाहेर यायला अकरा दिवस लागत. बाकी कर्ण्यात दोष नव्हता. प्लायवूडच्या घड्या नेमक्या कोनात बसल्या होत्या, खर्जही भरदार निघायचा. पण दोन फुटांच्या वाटेला एक दिवस, असा त्या लाकडाचा हिशेब होता आणि वाट होती बावीस फुटांची.

हे मोजलं त्याच्या बायकोने, प्रमिलाबाईंनी. रोज सकाळी चहाच्या वेळी त्या कर्ण्याच्या अरुंद टोकाशी वाकून त्या दिवसाचा आकडा म्हणायच्या, वर एखादं वाक्य. अकरा दिवसांनी तेच रुंद तोंडातून घरभर घुमायचं. दिगंबर वहीत टिपून घ्यायचा आणि पुन्हा रंधा हातात घ्यायचा.

एक्केचाळिसावा आकडा म्हणून झाला त्या दुपारी प्रमिलाबाई गेल्या.

पुढचे दहा दिवस त्या चहाच्या वेळेला बोलत राहिल्या. एकतीस, कोथिंबीर संपली. छत्तीस, गुडघा आज बरा आहे. भेटायला आलेली माणसं तेवढ्यापुरता कप खाली ठेवत आणि मग पुन्हा उचलत. दहाव्या दिवशी चाळीस ऐकून झालं तेव्हा दिगंबरला आठवलं, की एक्केचाळीसच्या वेळी तो लाकूड घासत होता. तिचं शेवटचं वाक्य त्याने ऐकलंच नव्हतं. उद्या ते बाहेर येणार होतं, आणि त्यानंतर काहीच येणार नव्हतं.

त्याने दोन फुटांचा तुकडा कापून कर्ण्याच्या तोंडाला जोडला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा रुंद, मापात, सांधा सरस लावून बंद. चौदा तुकड्यांनंतर कर्णा उंबरा ओलांडून गल्लीच्या पलीकडे पोहोचला. शेजारी वाकून खालून जाऊ लागले.

प्रमिलाबाई गेल्यानंतर चोविसाव्या दिवशी नगरपालिकेचे तावडे आले. त्यांनी टेपने गल्ली मोजली आणि आत कुणाचं बोलणं आहे ते विचारलं.

"बायकोचं."

"हयात आहेत?"

"एकदा बोलायची राहिली आहे."

तावड्यांनी तसंच लिहून घेतलं. दुसऱ्याचं बोलणं रस्त्यावरून न्यायचं तर बोलणाऱ्याची संमती लागते, असा नियम होता. दिगंबर म्हणाला, ती आता सही कशी करणार?

"तोंडी चालते," तावडे म्हणाले. "कधी निघतंय?"

दिगंबरच्या हातात पंधरावा तुकडा होता. तो त्याने भिंतीला टेकवून ठेवला.

"उद्या सकाळी. चहाच्या वेळी."

तावडे वेळेवर आले. गल्लीतली माणसं आपापल्या दारांत उभी राहिली. आवाज दमलेला होता, पण स्वच्छ होता.

"एक्केचाळीस. अहो, ते घासणं थांबवा आणि जरा ऐका. रोज मीच मोजते. उद्या तुम्ही मोजा."

पुढे काही आलं नाही. तावड्यांनी लिहिलं, संमतीविषयी उल्लेख नाही.

दिगंबर घरात गेला. प्रमिलाबाई जिथे वाकायच्या तिथे वाकला आणि कर्ण्याच्या अरुंद टोकाशी तोंड नेलं.

"बेचाळीस," तो म्हणाला. "ऐकलं."

बाहेर गल्लीत काहीच ऐकू आलं नाही. तावड्यांनी तुकडे मोजले, बोटांवर हिशेब केला आणि नोटिशीवर पंचवीस दिवसांनंतरची तारीख घातली.

"तुमचं म्हणणं तेव्हा नोंदवून घेऊ," ते म्हणाले, आणि कर्ण्याखालून वाकून निघून गेले.