जुन्या जठराचा केसपेपर

तीन वर्षांपूर्वी वजन कमी करण्यासाठी माझ्या जठराची रीतसर वाटणी झाली. वरचा अंड्याएवढा तुकडा कामावर राहिला आणि खालच्या थोरल्या जठराला, पोटातच, कायमची सुट्टी मिळाली. आता पित्तनलिकेत खडा अडकला. मी पिवळाधमक झालो आणि कळा अशा, की देवच आठवावा.

"तोंडातून दुर्बीण पोचायची नाही, वाटच बदललीय," डॉक्टर म्हणाले. "पोटाला छोटं भोक पाडून जुन्या जठरातून दुर्बीण घालू, खडा काढू. आजच. उशीर केलात तर जिवावर बेतेल."

नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी संगणकात पाहिलं. "हे जठर बंद दाखवतंय. बंद अवयवावर उपचार होत नाहीत. त्याची नवा पेशंट म्हणून नोंद करावी लागेल."

"करा बाई, काय वाटेल ते करा!"

"पेशंट उपाशी आहे ना?"

"तीन वर्षं."

"वा! असे पेशंट हवेत. तुमचं नातं?"

"सख्खं," बायको म्हणाली.

अशा रीतीने माझं जठर पेशंट झालं आणि मी त्याचा नातेवाईक. खाट त्याला मिळाली. मी जरा टेकलो, तर नर्स कडाडली, "नातेवाइकांनी खाटेवर बसायचं नाही!"

"अहो, पण ते माझ्या पोटात आहे!"

"मग खाटेला चिकटून उभे राहा. त्याला बरं वाटेल."

कळ थांबवणारं इंजेक्शनही नातेवाइकांना मिळत नव्हतं. कण्हत कण्हत ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत पोचलो, तर रखवालदार आडवा. "पेशंटला आत पाठवा. तुम्ही बाहेर थांबा."

मी रडायचाच बाकी होतो. पण बायको खमकी. तिने त्याच्या हातातली वही ओढली. "पेशंटचं सामान आत जातं ना?"

"जातं."

"मग लिहा. सामान, नग एक, रंग पिवळा."

रखवालदाराने लिहिलं, मला दोनदा मोजलं आणि माझ्यापुढे एक छापील कागद धरला. मी सही ठोकली. खडा निघाला. मी वाचलो, अक्षरशः नाचावंसं वाटलं!

संध्याकाळी जठराला घरी सोडलं. मला मात्र दारात अडवलं. सही केलेल्या कागदावर बारीक अक्षरांत होतं : 'आत नेलेले सामान परत मिळणार नाही. वरील मजकूर मी वाचला आहे.'

हसताय काय? गेल्या खेपेला तुम्ही सही केलीत, तो कागद वाचला होतात?